शेषराव मिस्त्री माप घेतात

शेषराव मिस्त्री गेटचं माप घ्यायला येतात तेव्हा टेप आणत नाहीत, स्टूल आणतात.

निळ्या प्लास्टिकचं स्टूल, मोपेडच्या मागे सुतळीनं बांधलेलं. ते तुमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, सावली बघून मांडतात आणि बसतात. सकाळच्या चहाला बसलेले दिवेलागणीला उठतात. मधे कोणी विचारलं, मिस्त्री, काय चाललंय, तर म्हणतात, "माप घेऊन राहिलो."

पहिल्या दिवशी ते फक्त माणसं बघतात. कोण कोणत्या हातानं गाडी ढकलतं, म्हातारी पायरी उतरताना आधाराला कशाला हात लावते, दूधवाला उजवीकडून येतो का डावीकडून, शाळेतून आलेलं लेकरू दप्तर कुठं टाकतं. टेप दुसऱ्या दिवशी येतो. भिंत काही पळून जात नाही, तिचं माप कधीही घेता येतं, असं त्यांचं म्हणणं. "माणसाचं माप आधी. बराबर हाय का न्हाई?" बराबर आहे, असं तुम्ही म्हणेपर्यंत ते पुढं बोलत नाहीत.

मी पोस्टमन. कळमनुरी तालुक्यात, वारंगा फाट्याच्या आसपासच्या गावांत सव्वीस वर्षं टपाल वाटतोय. म्हणजे सव्वीस वर्षं लोकांची गेटं उघडतोय आणि लावतोय. तेव्हा गेटांबद्दल बोलायचा मला थोडा अधिकार आहे असं मी समजतो. बहुतेक गेटं माणसाच्या अंगावर येतात. कुठं खांदा लावल्याशिवाय उघडत नाही, कुठं कडी अशा जागी की बोट चेमटलंच पाहिजे, कुठं खालची पट्टी फरशीवर घासून अर्धा चंद्र कोरलेला. एका गेटानं माझी खाकी पँट दोनदा फाडली, दोन्ही वेळा एकाच जागी. पण काही गेटं अशी होती, की दोन्ही हातांत टपाल असताना नुसत्या कोपरानं उघडायची आणि मागं हळूच लागून जायची. पहिली काही वर्षं मला तो योगायोग वाटला. मग कळलं, ती सगळी एकाच माणसाच्या हातची आहेत.

वारंगा फाट्याला वेल्डिंगची पाच-सहा दुकानं आहेत. बाकीच्यांनी आपापली गेटं रस्त्यावर मांडून ठेवलेली असतात. मोर असतो, उगवता सूर्य असतो, वर सोनेरी टोकांचे भाले असतात. शेषरावांच्या दुकानासमोर काहीच नसतं. आत सिमेंटची मोकळी जमीन असते आणि ती रोज पुसलेली असते. त्या जमिनीवर ते खडूनं गेट काढतात, पुऱ्या मापाचं, एकेक सळई, एकेक वळण. कागदावर त्यांचा विश्वास नाही. कागदावर सगळंच चांगलं दिसतं म्हणतात. नवीन माणूस दुकानात शिरला की शेषराव आधी ओरडतात, गेटावर पाय देऊ नका. माणूस घाबरून इकडेतिकडे बघतो, तर गेट त्याच्या चपलेखाली.

अंगानं उंच, साठीच्या पुढचे, जरा पुढं झुकलेले. शर्टाला ठिणग्यांनी पडलेली भोकं. वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर चढवलेला असतो आणि तो तिथंच राहतो. फाट्यावरच्या हॉटेलात पोहे खाताना, बँकेत, कुणाच्या मयतीलासुद्धा. कोणी आठवण केली तर काढून खिशात ठेवतात आणि जरा वेळानं तो पुन्हा कपाळावर असतो.

आम्ही घर बांधलं तेव्हा गेट शेषरावांकडूनच करायचं हे मी ठरवूनच टाकलं होतं. माझी बायको मंदा हिला यातलं काही माहीत नव्हतं. सकाळी ती अंगण झाडायला बाहेर आली, तर समोर लिंबाखाली एक परका माणूस स्टुलावर बसून तिच्याकडे टक लावून बघतोय. ती आत आली आणि मला म्हणाली, कोण आहे हा मेला, सकाळपासून. मी सांगितलं, गेटवाले आहेत. दुपारी तिनं त्यांना ताट वाढून पाठवलं. संध्याकाळी शेषराव तिला म्हणाले, वहिनी, तुमी डावऱ्या हाव, पण कडीकुलूप उजव्या हातानं लावता. काहून? मंदा आपल्या दोन्ही हातांकडे बघायला लागली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि ती डावरी आहे हे मला माहीत होतं, पण उजव्या हाताचं मला माहीत नव्हतं. लहानपणी आईनं डावा हात बांधून ठेवला होता म्हणे, देवाच्या आणि दाराच्या कामाला डावा हात चालत नाही म्हणून. शेषरावांनी कडी डाव्या हाताला बसवली.

त्याआधी चालून बघायचा कार्यक्रम झाला. खडूचं गेट काढून झाल्यावर घरच्या सगळ्यांनी दुकानात जायचं आणि त्यातून ये-जा करायची, असा त्यांचा नियम आहे. आम्ही दोघं गेलो. शेषरावांनी मंदाच्या दोन्ही हातांत वाळूनं भरलेल्या पिशव्या दिल्या आणि सांगितलं, बाजारातून आलात, आता आत या. ती म्हणाली, गेट कुठंय? त्यांनी जमिनीवरच्या रेघेकडे बोट दाखवलं. मग माझ्या बायकोनं फाट्यावरच्या भर गर्दीत, समोरच्या चहाच्या टपरीवरचे सगळे बघत असताना, नसलेलं गेट कमरेनं ढकललं. शेषरावांनी कमरेच्या उंचीला हवेत खडू धरला आणि मान हलवली. मग मला सायकल घेऊन यायला सांगितलं. मग दोघांना एकदम, भांडून आल्यासारखं. मी म्हटलं, भांडून कशाला? ते म्हणाले, रागात माणूस गेट आपटतंय, तवा ते कुठवर जातंय ते बघाया पाहिजे. टपरीवरून कोणीतरी म्हणालं, पोस्टमनसाहेब, अजून जरा जोरात भांडा. मंदा तीन दिवस माझ्याशी बोलली नाही, त्यामुळे खरं माप तिसऱ्या दिवशीपर्यंत घेता आलं असतं.

गेट तयार होत आलं की त्यांचा ठरलेला प्रश्न येतो: "आवाज ठेवायचा का काढायचा?"

बिजागरीचा आवाज. लोकांना वाटतं, गेट करकरतं ते तेल नसल्यामुळं. शेषरावांच्या मते आवाज हा ठेवायचा किंवा काढायचा असतो, आपोआप आलेला आवाज म्हणजे आजार. डोळे गेलेल्या एका म्हातारीच्या घरी त्यांनी मोठ्या फाटकाला एक आणि लहान फाटकाला दुसरा असा वेगवेगळा आवाज ठेवलाय. म्हातारी बाजेवर पडल्या पडल्या सांगते, कोणी गाडी घेऊन आलं का पायी. माझ्या बायकोनं बराच विचार करून सांगितलं, थोडासा ठेवा, हे आले की कळलं पाहिजे. शेषराव कानस घेऊन बसले आणि दीड तास घासघासून त्यांनी आमच्या गेटाला एक बारीक 'कुं' दिला. बस्स, तेवढाच. पावसाळ्यानंतर ते न बोलावता आले, गेट दोनदा हलवलं, आवाज उतरलाय म्हणाले आणि पिशवीतून तेलाची कुपी काढली.

रंगाआधीचा त्यांचा एक प्रकार आहे, तो बघायला मी मुद्दाम टपाल थांबवून उभा राहिलेलो आहे. ग्राइंडर बंद करतात, डोळे मिटतात आणि पूर्ण गेटावरून तळहात फिरवतात. वरपासून खालपर्यंत, प्रत्येक सळईच्या मागच्या अंगानंसुद्धा. कुठं बारीकसा काटा लागला की डोळे न उघडता तिथं खडूचा गोल. डोळ्याला फसवता येतं, हाताला नाही, असं त्यांचं म्हणणं. मग त्या गोलांवर पुन्हा कानस. मग लाल रंगाचा हात, तो वाळला की दुसरा, मग काळा. सोनेरी टोकं मागणाऱ्याला ते समोरच्या दुकानाचा पत्ता देतात. स्वतः रस्ता ओलांडून सोडून येतात.

भाल्यांनाही त्यांचा विरोध. हट्टा गावच्या एका मोठ्या जमीनदार पाटलांनी भाले आणि दोन सिंह असं गेट मागितलं होतं. शेषराव दोन दिवस त्यांच्या घरासमोर बसले. मग त्यांनी कळवलं की तुमच्या भिंतीवरून आत फक्त मांजर येतं आणि बाहेर फक्त तुमचा नातू जातो, आंबे पाडायला. भाले त्या दोघांपैकी कुणासाठी? भाले रद्द झाले. सिंहांवर मात्र पाटील अडून बसले. शेषरावांनी सिंह केले, पण सिंह त्यांनी कधी पाहिलेले नव्हते, वासरं पाहिलेली होती. ते सिंह आजही आहेत. पाटलांकडं येणारा पाहुणा गेटापाशी थांबून विचारतो, दुधाचा धंदा कधी सुरू केला?

आणि एसटीचा किस्सा तर आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. शेषराव हिंगोलीला निघाले होते. वाटेत एका घराचं गेट त्यांना खिडकीतून दिसलं, त्यांनीच केलेलं, आणि ते एका बाजूनं बोटभर खाली आलेलं. त्यांनी उठून घंटीची दोरी ओढली. कंडक्टरनं विचारलं, कोण उतरणार? ते म्हणाले, मी, गेट उतरलंय. भर दुपारी, घरातली माणसं झोपलेली असताना, ते पाना घेऊन त्यांचं गेट बिजागरीतून काढत होते. शेजाऱ्यानं आरडाओरडा केला. चोर चोर म्हणून चौघं धावून आले, तर चोर गेट पुन्हा बसवत होता आणि म्हणत होता, जरा हे टोक धरा. त्यांनी धरलं.

आतापर्यंत सांगितलं ते सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे, आणि मीही ते बरीच वर्षं तसंच नेलं. पुढची गोष्ट दोन वर्षांपूर्वीची.

फाट्यापासून चार-पाच किलोमीटरवर बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथं विलास राठोड म्हणून शेतकरी आहे, हळद करतो. त्याचे वडील थावरूबा. ऐंशीच्या घरातले. त्यांना विसर पडायला लागला होता. आधी नावं गेली, मग वार गेले, मग आपलं घर कोणतं हेही कधी कधी जायचं. पण पाय मजबूत. जन्मभर गुरांमागं चाललेले. सकाळी नजर चुकली की बाहेर पडायचे आणि मग तांड्यातली दहा माणसं शोधायला. विलास शेषरावांकडं आला आणि म्हणाला, बाहेरून कुलूप लागेल असं गेट करा, उंच, पूर्ण पत्र्याचं. वडलांना बाहेरचं दिसलं नाही तर ते जाणारही नाहीत.

शेषरावांनी नाही म्हणून सांगितलं. मी तेव्हा तिथंच होतो. विलासनं परिस्थिती सांगितली, हात जोडले. शेषराव खडूनं जमिनीवर उगीच रेघा ओढत राहिले आणि शेवटी म्हणाले, "गेट माणसाला येण्याजाण्यासाठी असतंय. कोंडायचं काम मी करत न्हाई. समोरच्या दुकानात विचारा." विलास निघून गेला. समोरच्या दुकानातही गेला नाही. घरी असलेल्या जुन्या फाटकाला त्यानं साखळी बांधली.

त्यानंतर पंधरा दिवस झाले असतील. मी दुपारी फाट्यावर टपालाची पिशवी घेऊन उतरलो, तर रस्त्यावर हॉर्नचा गोंधळ. दोन्ही बाजूंना ट्रक थांबलेले. दुभाजकावर एक म्हातारा बसला होता, पायात काही नाही, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला हातानं थांबवत होता, जनावरं थांबवावीत तशी. शेषराव दुकानातून धावत गेले. त्यांनी त्याला दंडाला धरून अलीकडं आणलं, स्वतःच्या स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. तळपायाला फोड आले होते. शेषरावांनी ते पाय ओल्या फडक्यानं पुसले. म्हातारा त्यांना विचारत होता, माझे बैल या रस्त्यानं गेले का? घरी जायची वेळ झाली.

मी जवळ गेलो तेव्हा शेषरावांनी मला विचारलं, टपालवाले, तुमी सगळ्यांना वळखता, हे कोण?

मी सांगितलं, हे विलास राठोडचे वडील. तुम्ही गेट नाही म्हणालात ना, त्यांचे.

 शेषरावांनी कपाळावरचा चष्मा काढला आणि हातात धरून उभे राहिले. विलासला फोन केला, तो आला, वडलांना घेऊन गेला. थावरूबा साखळीतून अंग काढून बाहेर पडले होते, खांद्याला खरचटलं होतं. विलास शेषरावांना एका शब्दानंही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं शेषराव मला नंतर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निळं स्टूल तांड्यावर होतं.

ते एक दिवस बसले नाहीत, पाच दिवस बसले. मला रोज वाटेत दिसायचे. पहिल्या दिवशी ते रस्त्याच्या पलीकडे होते, तिसऱ्या दिवशी अंगणात. पाचव्या दिवशी त्यांनी मला थांबवून सांगितलं, आणि इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. ते म्हणाले, सगळे म्हणतात म्हातारा पळून जातो. तो पळत नाही. दिवस वर आला की त्याला गुरं सोडायची असतात, म्हणून तो निघतो. ऊन उतरलं की त्याला घरी यायचं असतं. पण तेवढ्यात घर कुठं ते विसरतो, मग चालतच राहतो. त्याला निघायचं असतं अन् परत यायचं असतं, एवढंच. निघू दिलं न्हाई तर तो साखळीपाशी उभा राहून रडतो. मी पाच दिवस बघून राहिलो.

विलासच्या घराला लागून त्यांचीच मोकळी जागा होती. हळद शिजवून तिथं वाळायला टाकतात. एक कडूलिंबाचं झाड, चारी बाजूंनी तारेची जाळी. घराचं अंगण आणि ती जागा यांच्यामधे भिंत होती. शेषरावांनी विलासला ती भिंत मधोमध फोडायला सांगितली.

त्यांनी दोन गेटं केली. रस्त्याकडचं गेट त्यांनी गेटासारखं दिसूच दिलं नाही. कंपाउंडला जशा उभ्या सळया होत्या तशाच सळया, त्याच रंगाच्या, चौकट नाही, वर कमान नाही. कडी मागच्या अंगाला, खाली. नवीन माणसाला ते गेट सापडत नाही. पहिल्या दिवशी मीच दोन मिनिटं सळयांसमोर टपाल घेऊन उभा होतो. दुसरं गेट, म्हणजे अंगणातून हळदीच्या जागेत जाणारं, ते मात्र नीट दिसेल असं, दोन्ही बाजूला खांब असलेलं. आणि ते साधं ढकलून उघडायचं नव्हतं. जरासं उचलून बाजूला ओढायचं होतं.

मी विचारलं, असं अवघड का? म्हाताऱ्या माणसाला?

ते म्हणाले, सोनाबाईंना विचारलं मी. सोनाबाई म्हणजे थावरूबांची बायको. गोठ्याला आधी काट्या बांधलेलं फाटक होतं, ते असं उचलून ओढावं लागायचं. साठ वर्षं रोज दोनदा. "डोकं विसरलंय. हात विसरलेत का, ते बघू."

गेट अंगठ्याच्या दाबानं उचललं जाईल इतकं हलकं केलं होतं. वजन तोलायला मागच्या बाजूला लोखंडाचा गट्टू. तळहात फिरवायचं काम त्यांनी या वेळी तीनदा केलं.

बसवल्यावर पहिल्या दिवशी थावरूबा त्या गेटासमोर आले, बघितलं आणि परत जाऊन बाजेवर बसले. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. रस्त्याकडच्या सळया हलवत राहिले. विलासची बायको म्हणाली, मिस्त्रींचा काही उपयोग झाला नाही. शेषराव तिथंच होते, त्यांनी ते ऐकलं. संध्याकाळी स्टूल मोपेडला बांधताना त्यांच्या हातून सुतळीची गाठ नीट बसत नव्हती, मी बांधून दिली.

तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम टपालाची वाट बदलून तांड्याकडून गेलो. दहा वाजले असतील. थावरूबा अंगणात उभे होते, काठी हातात. सोनाबाई चुलीपाशी, विलास दाराशी, शेषराव भिंतीला टेकून.  थावरूबा चालत गेटापाशी गेले. त्यांनी काठी काखेत धरली, डावा हात छातीच्या उंचीला नेला, गेट जरासं उचललं आणि बाजूला ओढलं. मग मागं वळून त्यांच्या गोरमाटी बोलीत काहीतरी हाळी दिली, नसलेल्या गुरांना, आणि सगळी गुरं बाहेर पडेपर्यंत थांबले. मग स्वतः गेले आणि गेट मागं लावून घेतलं.

लिंबाला दोन फेऱ्या घातल्या. जाळीच्या कडेनं चालले. सावलीत बसले, पडले, झोपले. कोणी उठवायला गेलं नाही. मी टपाल वाटून परत आलो तेव्हा ऊन उतरत होतं आणि विलासच्या घरचे सगळे पुन्हा अंगणात जमले होते. थावरूबा उठले, हाळी दिली, गेटापाशी आले, उचललं, ओढलं आणि आत आले. बाजेवर बसले आणि पाणी मागितलं.

सोनाबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्या विलासला म्हणाल्या, "दोन वरसं झाली. आज हे आपल्या पायानं घरी आले."

शेषराव तोवर मोपेड चालू करत होते. ती लवकर चालू होत नव्हती, किंवा ते करत नव्हते.

ही झाली गेटाची गोष्ट. त्यानंतर थावरूबा फाट्यावर कधी दिसले नाहीत. रोज निघतात, रोज परत येतात. मलाही वाटलं, शेषरावांचं काम संपलं.

मागच्या उन्हाळ्यात विलासच्या मुलीचं कॉलेजचं रजिस्टर पत्र आलं, म्हणून दुपारी तांड्यावर गेलो. गुरुवार होता. बाहेर झाडाखाली शेषरावांची मोपेड उभी. गुरुवारी फाट्यावर वेल्डिंगची दुकानं बंद असतात. मला वाटलं, गेटाचं काहीतरी बिघडलं. सळयांमधून हात घालून कडी काढली आणि आत गेलो. विलास शेतात होता. सोनाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मला बोटानं खूण केली, गप्प बसा म्हणून, आणि हळदीच्या जागेकडे दाखवलं.

लिंबाखाली बाज टाकलेली होती, थावरूबा तिच्यावर बसले होते. शेषराव गेट उचलून आत गेले. थावरूबांनी वर बघितलं, ओळखीचं माणूस दिसल्यासारखा चेहरा फुलला, आणि ते उठून उभे राहिले.

"ये रे ये. लई दिसानं आलास."

त्यांनी शेषरावांचा हात धरून बाजेवर बसवलं. घरचे सगळे बरे आहेत का विचारलं. पाऊस कसा आहे तिकडं, विचारलं. शेषराव सांगत होते, बरे आहेत, पाऊस बेताचा आहे. थावरूबांनी हाक मारली, पाहुणं आलंय, पाणी आण. सोनाबाई तांब्या घेऊन गेल्या. शेषराव पाणी प्यायले. जरा वेळ दोघं बोलत बसले, मग थावरूबा बोलायचे थांबले, जाळीपलीकडं बघत राहिले. बाजूला कोण बसलंय ते त्यांच्या ध्यानातून गेलं होतं. शेषराव आणखी थोडं थांबले, मग उठले आणि गेटातून अंगणात आले.

मी सोनाबाईंना हळूच विचारलं, थावरूबांना मिस्त्री कोण वाटतात? भाऊ की काय?

त्या म्हणाल्या, ठावं न्हाई. आम्ही कधी विचारलं नाही. पहिल्यांदा बिजागरी बघायला म्हणून आले होते मिस्त्री. तवापासून दर गुरुवारी येतात. आज सकाळपासून हे चौथ्यांदा आत गेले. पहिल्यांदा चहा केला, आता नुसतं पाणी देते. दर वेळेला पितात.

मला शेषरावांचं घर माहीत आहे. दुकानाच्या मागची एक खोली. त्यांची बायको जाऊन सात वर्षं झाली. पोरगा पुण्याला कंपनीत आहे. त्या पत्त्यावर मी वर्षाकाठी वीजकंपनीचं एखादं पत्र देतो, आणि सव्वीस वर्षांत लोकांच्या घरी कोण येतं-जातं हे मला जेवढं माहीत आहे तेवढं कुणाला नसेल. शेषरावांच्या त्या खोलीत कोणाला शिरताना मी पाहिलेलं नाही.

अंगणात ते माझ्यासमोर आले तेव्हा त्यांनी मला पाहिलं. मी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, जरा वजन तपासून राहिलो गेटाचं. मी म्हटलं, बराबर आहे. सोनाबाईंनी तांदळाच्या सुपात मान खाली घातली.

मी पत्रासाठी सोनाबाईंची सही घ्यायला बसलो. त्यांना सही येत नाही, अंगठा घेतला. वर बघितलं तर शेषराव पुन्हा गेटापाशी उभे होते. त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून खिशात ठेवला. रुमालानं तोंड पुसलं, शर्टाची वरची गुंडी लावली, केसांवरून हात फिरवला, कोणाकडं बऱ्याच दिवसांनी जाताना माणूस करतो तसं. मग गेट उचललं.

बाजेवरून थावरूबा उठून उभे राहिले.